खुडूक कोंबडीचं काम

'प्रोबायोटिक' म्हटलं की आपल्याला दह्याची डबी आठवते. पण मंडळी, ब्रॉयलरच्या खाद्यातही हा शब्द चांगलाच रुळलाय, आणि तो तिथे का आला त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात अँटिबायोटिकपासून. १९४८ साली अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे दोघं कोंबडीच्या पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्व कुठून मिळेल ते शोधत होते. ऑरिओमायसिन बनवताना उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना चारला, तर पिल्लं नुसत्या बी-१२ने वाढावीत त्याहून जास्त वाढली! ही करामत चोथ्यात राहिलेल्या अँटिबायोटिकची होती. १९५० मध्ये हे जाहीर झालं आणि ठणठणीत कोंबड्यांच्या रोजच्या खाद्यात औषध शिरलं. कमी खाद्यात जास्त वजन, मग नको कोण म्हणणार?

किंमत पुढे कळली. स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिन घातलेलं खाद्य दिलं. काही महिन्यांतच औषधाला दाद न देणारे जंतू कोंबड्यांमध्येच नाही, तर त्या शेतावरच्या माणसांच्या पोटातही सापडले. हे १९७६ मध्ये छापून आलं.

तिकडे फिनलंडमध्ये मात्र वेगळीच चक्रं फिरत होती. १९७१ साली तिथल्या ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला पसरला. एस्को नुर्मी यांना प्रश्न पडला, की मोठी कोंबडी साल्मोनेलाला सहसा दाद देत नाही, मग एक दिवसाचं पिल्लूच का बळी पडतं?

आमच्या घरातल्या मोठ्यांना याचं उत्तर सांगायला नको. गावाकडे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, पिल्लं तिच्या पंखाखाली निघतात, तिच्यामागे उकिरडा उकरत फिरतात. आईच्या शिटीतले जंतू आपसूक पिल्लांच्या पोटात जातात आणि आतडं भरून टाकतात. हॅचरीतलं पिल्लू यंत्रात निघतं, त्याला आई दिसतच नाही. पोट रिकामं, जो पहिला येईल त्याचं घर!

नुर्मी आणि रांताला यांनी काय करावं? निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पाण्यात कालवून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पाजला. (जेवताना वाचत असाल तर माफ करा.) नंतर साल्मोनेला दिला तर पुष्कळशी पिल्लं वाचली. १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये हे आलं.

गंमत पुढे आहे. अशा कालवणात नेमके कोणते जंतू आहेत याची यादी कुणाला देता येईना, आणि सरकारी खात्यांना तर यादी हवी. अमेरिकेत १९९८ मध्ये २९ ओळखीच्या जंतूंचं मिश्रण मंजूर झालं. पण निवडक जंतूंची मिश्रणं त्या बेनामी कालवणाइतकी सहसा चालत नाहीत. आज खाद्यात मिसळतात त्या प्रोबायोटिक पुड्यांमध्ये तर बऱ्याचदा दोन-चारच जाती असतात. म्हणून 'अँटिबायोटिक काढा, पुडी घाला' या जाहिरातीवर माझा फारसा विश्वास नाही. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली तेव्हा नुसत्या पुडीवर भागलं नाही. खुराडी, स्वच्छता, खाद्य, सगळंच सुधारावं लागलं. युरोपीय संघात ही बंदी २००६ मध्ये पूर्ण झाली. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली. माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध, आणि ते तोवर कोंबड्या खात होत्या.