पदकाची कड

गेल्या वर्षी धुळ्यातील एका सराफाच्या पेढीवर आम्ही घरच्या कामानिमित्त बसलो असता, शेजारी एक खेड्यातली वयस्क बाई चांदीची मोड तोलून घेत होती. तागडीत वाळे, तुटकी साखळी आणि दोन जोडवी पडली. त्यांच्या मागोमाग एक जाडसर वाटोळे पदक पडले. त्याच्या माथ्यावर कडी डागून ते गळ्यात ओवण्याजोगे केलेले होते. एका अंगास पाचव्या जॉर्ज बादशहाचा मुखवटा होता. दुसऱ्या अंगास नग्न घोडेस्वार, घोड्याच्या टापेखाली गरुडाची ढाल व कवटी, आणि बाजूस १९१४ व १९१८ हे आकडे होते. आजेसासऱ्यांचा बिल्ला, ते लढाईवर गेले होते, एवढेच त्या बाईने सांगितले. मोडीचा जो भाव ठरला तो तिच्या हाती देऊन आम्ही पदक मागून घेतले आणि मोठ्या आनंदात घरी आलो. भिंग लावून कड पाहू लागलो, तेव्हा आपल्या हातून काय राहून गेले ते ध्यानात आले. बाईचे गाव विचारावयाचे आम्ही विसरलो होतो!

ज्यांस या वस्तूंचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांत हे पदक साठ लक्षांहून अधिक लोकांस वाटले गेले. तेव्हा वस्तू म्हणून ते दुर्मीळ मुळीच नव्हे. त्याचे सारे मोल कडेत आहे. व्यास सुमारे ३६ मिलिमीटर, वजन अडीच तोळ्यांहून थोडे अधिक. आणि त्या अरुंद कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण हे ठशांनी उमटविलेले असते. म्हणजे साठ लक्षांतील प्रत्येक पदक एकाच माणसाचे. आमच्या पदकावर 'शिपाई' हा हुद्दा, पुढे एक चारचौघांसारखे नाव आणि ११० व्या मराठा पलटणीचे संक्षिप्त नाव इतके वाचता आले. क्रमांकाचे पहिले दोन आकडे व नावाचा उत्तरार्ध कडी डागणाऱ्याच्या कानशीने खाऊन टाकला होता. आता क्रमांक हा पलटणीपुरता असे. निरनिराळ्या पलटणींत एकच क्रमांक अनेकांचा सापडतो. शिवाय एका नावाचे दहा शिपाई एका पलटणीत असणे मुळीच अशक्य नव्हते. म्हणून क्रमांक तुटला की माणूस हरवलाच.

ही ११० वी पलटण मेसोपोटेमियात लढली. तैग्रीस नदीच्या काठी कूट येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढले, त्या वेढ्यात ती होती. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि उपासमारीने जेरीस आलेल्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शस्त्रे खाली ठेवली. पुढे कैदेत आणि वाळवंटातील वाटचालीत कितीएक मेले. आमचा शिपाई त्यांतला एक होता, की वेढ्याच्या बाहेर राहिला, की भरतीला उशिरा गेला? पदकावरून यातील काहीही समजत नाही. घरी परतून त्याने संसार केला असावा, हे मात्र कडीवरून तर्कता येते. कोणा लेकीसुनेच्या गळ्यात ते घातले गेले होते.

महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत बसविलेली एक संगमरवरी पाटी वाचकांनी पाहिली असेल. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. पाटीवर गाव आहे, संख्या आहे, पण नाव एकही नाही. पदकावर नाव आहे, पण गाव नाही. या दोहोंस जोडणारा तिसरा पुरावा म्हणजे शिपायाच्या डिस्चार्जचा कागद. त्यात बापाचे नाव, गाव, तालुका, उंची, अंगावरील खूण, वर्तणुकीचा शेरा असे सर्व काही लिहिलेले असते. हा कागद व ते पदक एकाच पेटीत राहिले तर एक मनुष्य उभा राहतो. त्यांची ताटातूट झाली की पदक चांदीचा तुकडा होते आणि कागद रद्दी.

नवल असे की, जुनी घराणी कागद फेकत नसत. रुमालात बांधून माळ्यावर का होईना, पण ठेवीत. याचे कारण आमच्या पूर्वपरंपरेत आहे. मराठेशाहीत पराक्रमाचा गौरव होई तो मानाच्या वस्त्रांनी, हातातील सोन्याच्या कड्याने, पालखी-अब्दागिरीच्या मानाने आणि इनामाने. लढाईत पडलेल्याच्या मुलांस बालपरवेशी मिळे. वस्त्रे विरत, कडे अडीअडचणीत मोडले जाई. टिके ती सनद. प्रारंभी शिक्का, अखेरीस मोर्तब, यांवाचून तिला अर्थ नसे. पुढे कंपनी सरकारने १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि दख्खन, खानदेश व दक्षिण मराठा मुलखातील इनामदारांस आपला हक्क शाबीत करण्याची पाळी आली. ज्यांच्यापाशी कागद नव्हता अशा कित्येकांची वतने गेली. या धड्याने आमचे लोक कागद जपावयास शिकले. पदकास मात्र जमीन चिकटलेली नव्हती. त्याचे मोल सराफाने सांगितले तेवढेच.

त्यातही एक विलक्षण न्याय झालेला दिसतो. हेच युद्धपदक मजूर तुकड्यांतील लोकांस चांदीचे न देता कांस्याचे दिले गेले. त्या वेळी तो कमीपणाच होता. परंतु कांस्यास मोडीत भाव नसल्याने ते आटणीतून वाचले, आणि चांदीच्या पदकांस, विशेषतः १९८० च्या सुमारास चांदी कडाडली तेव्हा, जगभर मुशीचा रस्ता धरावा लागला.

धुळ्यात राहून या विषयावर लिहिताना इतिहासाचार्य राजवाडे यांचे स्मरण न होणे शक्य नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या संग्रहाच्या जपणुकीसाठी येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी पदके जमविली नाहीत. परंतु अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, तो कोणत्या घरी मिळाला, त्या दप्तरात त्याचे सोबती कागद कोणते, या प्रश्नांचा त्यांनी जो दंडक घालून दिला तो पदकांच्या संग्राहकास अक्षरशः लागू पडतो. कित्येक संग्राहक पदके मखमलीवर रांगेने मांडतात, फितीचे रंग जुळवितात, आणि सोबतचे जीर्ण कागद विकणाऱ्याकडेच सोडून येतात. ही हौस झाली, संग्रह नव्हे. शिवाय लबाडीस वाव राहतो तो निराळाच: सामान्य पदकाची कड घासून तेथे प्रसिद्ध पलटणीचे नाव कोरणारे कारागीर आहेत. व्यास मोजला तर घासलेले पदक किंचित लहान भरते, एवढी युक्ती नवशिक्याने ध्यानात ठेवावी. पोलिसांच्या पट्ट्यावरील पितळी बिल्ल्यांसही असाच साधा निकष लागतो. त्यावर 'पश्चिम खानदेश' असेल तर तो १९०६ पूर्वीचा असणे शक्य नाही, कारण खानदेशाचे दोन जिल्हे त्या साली झाले.

आमचे एक स्नेही यावर म्हणाले की, परक्यांच्या चाकरीची ही चिन्हे, ती वितळली तर काय बिघडले? प्रश्न झिडकारण्याजोगा नाही. १८२५ साली औट्रम साहेबाने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली ती भिल्लांचाच बंदोबस्त करण्यासाठी. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याचा घाट राखणारा खाजा नाईक हाही सरकारचाच चाकर. तो १८५७ साली उलटला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे त्याच्या लोकांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. तेथे पडलेल्या भिल्लांस कोण पदक देणार? त्यांच्या नावांची कड कोठेच नाही. पण म्हणून दुसऱ्या बाजूचा पुरावा आटवावा हे आम्हांस पटत नाही. पोटासाठी बंदूक धरणाऱ्या शिपायास साम्राज्याचा हिशेब विचारणे सोपे. तो खेड्यातून का गेला हे शोधणे कठीण. आणि ही परंपरा तेथेच खुंटली असेही नाही. ११० वी पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. तिच्यातील नायक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशिनगनचा मोर्चा घेऊन प्राण दिला, आणि त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोही कांस्याचाच. पुढे १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी आपल्या सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस गौरव दिला तो पदकाचा नव्हे, ताम्रपटाचा. धातू व लेख तेथे एकत्रच आले, हे आम्हांस फार उचित वाटते.

असो. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पेढीवर गेलो. सराफाने आगत्याने वही काढून दाखविली. तारीख होती, चांदीचे वजन होते, दिलेली रक्कम होती. बाईचे नाव नव्हते. त्यानंतर तीन बाजारचे दिवस आम्ही त्या पेढीवर जाऊन बसलो. बाई पुन्हा आली नाही. पदक आता एका लिफाफ्यात आहे. त्यावर मिळाल्याची तारीख, वजन, कडेवरची उरलेली अक्षरे आणि बाईचे बोलणे जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. धुळे-जळगावकडील वाचकांपैकी कोणाच्या घरी ११० व्या मराठा पलटणीच्या शिपायाचा डिस्चार्जचा कागद असून पदक नसेल, तर त्यांनी या मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे जुळले, तर पदक त्यांचे आहे.