‘डूलॅली टॅप’ ते ‘एनएएनपी’ : देवळालीच्या तापाचा धागा

१/ भ्रमिष्ट माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. १८६१ पासून येथे ब्रिटिश सैन्याचा तळ होता. मायदेशी परतणारे सैनिक येथे जहाजाची वाट पाहत. सैनिकी जहाजे नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. उन्हाळ्यात येऊन पडलेल्या शिपायाला महिनोन्महिने थांबण्यावाचून गत्यंतर नसे.

२/ मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’. यातील ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानी ‘तप’, अर्थात ताप. कंटाळा, ऊन आणि हिवताप यांतून हा प्रयोग घडल्याचे सांगतात. पुढे ताप गळाला, वेड तेवढे उरले. मला गळालेला भागच अधिक मोलाचा वाटतो.

३/ १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला. १९८४ मध्ये फाल्सिपेरम जातीच्या परजीवीवरील एका आवरण-प्रथिनाचा अनुक्रम उलगडला. त्यात चार अमिनो आम्लांचा एकच घटक, ‘एनएएनपी’, सुमारे ४० वेळा जवळपास सलग येतो; पोवाड्यात ‘जी जी’ यावे तसा! अशी प्रथिने म्हणजे सलग पुनरावृत्तीची प्रथिने.

४/ ती शोधायची कशी? अनुक्रम आडवा लिहावा, तोच उभा लिहावा आणि अक्षरे जुळतील तेथे ठिपका द्यावा. पुनरावृत्ती असेल तर मुख्य कर्णाला समांतर रेषा उमटतात. येथे दर चार घरांवर. बखरीच्या प्रती ताडून पाहणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना ही रीत परकी नाही. आज हे काम संगणक क्षणात करतो.

५/ पण ताडायला संग्रह हवा. १९६५ मध्ये मार्गारेट डेहॉफ यांनी ६५ प्रथिनांचे अनुक्रम चक्क पुस्तकात छापले. आजचा ‘युनिप्रॉट’ त्याच परंपरेतला. २०१४ च्या सुमारास आलेला ‘रिपीट्सडीबी’ मात्र अक्षरे नव्हे, प्रथिनांची त्रिमितीय रचना पाहून पुनरावृत्तीचे वर्ग लावतो. ‘एनएएनपी’चा पट्टा लवचिक, ठाम आकार नसलेला, तेथे अक्षरांचाच आधार अधिक.

६/ याच पट्ट्याचा अंश आर२१ लसीत आहे. ऑक्सफर्डने विकसित केलेली ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली, ती बालकांसाठी.

७/ भारतात मात्र व्हायवॅक्स जातीचा हिवतापही मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या प्रथिनात पुनरावृत्त होणारा घटक नऊ अमिनो आम्लांचा, अक्षरेही निराळी. आर२१ त्याच्यासाठी घडवलेली नाही.