नाम, वाक्य आणि समाज : नामांतराच्या इतिहासाचा एक भाषिक विचार

मिलिंदपञ्ह या ग्रंथात राजा मिलिंद आणि भदन्त नागसेन यांच्या संवादाची सुरुवातच नावाच्या प्रश्नाने होते. राजा नाव विचारतो. भदन्त उत्तर देतात की, सब्रह्मचारी आपणांस नागसेन म्हणतात. आईवडील मुलाचे नाव नागसेन, सूरसेन, वीरसेन, सीहसेन असे काहीही ठेवतात. परंतु हे केवळ नाम आहे, संज्ञा आहे, पञ्ञत्ति आहे, वोहार आहे. त्यामागे 'पुद्गल' म्हणून वेगळे काही सापडत नाही. पुढे रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, त्याला पुढे याच मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच नागसेनवनाच्या शेजारी उभ्या असलेल्या विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाड्यात पुढे घरे जाळली गेली आणि माणसे मारली गेली. तेव्हा पालीच्या अभ्यासकासमोर एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. नाम ही जर केवळ पञ्ञत्ति असेल, तर त्या नामासाठी एवढे मोल का मोजले गेले? 'नावात काय आहे?' असे विचारणारे त्या काळी पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे बुद्धवचनाला धरून होते काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने करणार आहोत.

कार्यलक्षी भाषाविचार

व्याकरण म्हणजे शुद्ध-अशुद्धाचे नियम, अशी आपली शालेय समजूत असते. विसाव्या शतकात भाषाविज्ञानात एक प्रवाह असा निर्माण झाला की, त्याने व्याकरणाकडे माणसे भाषेने काय करतात या दृष्टीने पाहिले. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी 1923 साली असे प्रतिपादन केले की, उच्चाराचा अर्थ त्याच्या प्रसंगसंदर्भावाचून लागत नाही. लंडनचे प्राध्यापक फर्थ यांनी हा विचार भाषाविज्ञानात आणला आणि त्यांचे शिष्य एम. ए. के. हॅलिडे (1925–2018) यांनी त्याला व्याकरणाची शिस्तबद्ध बैठक दिली. हॅलिडे यांच्या मते प्रत्येक वाक्य एकाच वेळी तीन कामे करते. ते अनुभवाचे चित्र उभे करते : कोणी, काय, कोणास केले. ते बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते ठरवते. आणि मागच्या-पुढच्या बोलण्याशी सांधा जुळवून ते संहिता घडवते. व्याकरण हे पर्यायांचे जाळे आहे. बोलणारा त्यातून एक पर्याय निवडतो तेव्हा बाकीचे नाकारतो, आणि ही निवड समाजातील त्याच्या स्थानापासून सुटी नसते. हॅलिडे यांचा भाषेला सामाजिक चिन्हव्यवस्था मानणारा ग्रंथ 1978 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मराठवाड्यात एका नामपदावरून वणवा पेटला. हा केवळ योगायोग आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने तो बोलका आहे.

पालीच्या वाचकाला हा विचार अगदीच अनोळखी वाटणार नाही. मज्झिमनिकायातील अरणविभङ्गसुत्तात एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव, पिसील अशी वेगवेगळी नावे असल्याचे सांगितले आहे. तेथे भगवंतांचा उपदेश दुहेरी आहे : आपल्याच जनपदाच्या शब्दाचा अभिनिवेश धरू नये, आणि रूढ लोकव्यवहारही ओलांडून जाऊ नये. म्हणजे शब्द अंतिम सत्य नाही. तरीही तो व्यवहार आहे, आणि व्यवहार दोन माणसांच्या मध्ये घडतो. नागसेनांनीही नाम 'नाही' असे म्हटलेले नाही. ते वोहार आहे असे म्हटले आहे. 'वोहार' या शब्दातला समाज आपण वाचताना विसरतो.

नामाची घटना

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 23 ऑगस्ट 1958 रोजी झाली. निजामी राजवटीतून 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झालेल्या या प्रदेशाच्या दृष्टीने ती मोठी घटना होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, या मागणीला अनुसरून 27 जुलै 1978 रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मेवाडे यांचे बळी त्याच वर्षी गेले. ठरावाची अंमलबजावणी लांबली. मोर्चे, सत्याग्रह, 1979 चा लाँग मार्च असा लढा चालू राहिला. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव जाहीर झाले. ठरावापासून घोषणेपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली.

मागणी 'नामांतर' शब्दाने झाली. निर्णय 'नामविस्तार' शब्दाने ओळखला गेला. या दोन समासांत इतिहासाचे सार आहे. 'नामांतर' म्हणजे अन्य नाम. त्यात जुने जाते आणि दुसरे येते. 'नामविस्तार' हा षष्ठी तत्पुरुष, म्हणजे नामाचा विस्तार. त्यात जुने राहते आणि वाढते. पहिल्या शब्दात बदल आहे, दुसऱ्यात भर आहे. शासनाने केवळ नाव ठरवले नाही. त्या कृतीचे व्याकरणही ठरवले.

आता प्रत्यक्ष नावाची रचना पाहू. मराठीत विशेषणे नामाच्या आधी येतात, आणि जे पद मुख्य नामाला चिकटून असते ते त्या वस्तूचा प्रकार सांगते. येथे 'मराठवाडा' हे पद 'विद्यापीठ' या पदाला पूर्वीसारखेच चिकटून राहिले. बाबासाहेबांचे नाव त्या जोडीच्या अग्रभागी आले. अग्रस्थान हे मानाचे स्थान आहे. नामाच्या लगतचे स्थान हे ओळखीचे स्थान आहे. एकाच पदबंधाला दोन वाचने मिळाली : आरंभापासून वाचणाऱ्याला बाबासाहेबांचे विद्यापीठ दिसले, शेवटाकडून वाचणाऱ्याला मराठवाड्याचे. तडजोड टिकली ती या द्व्यर्थामुळे, असे आम्हांस वाटते. प्रादेशिक अस्मितेचा मुद्दा पुढे करणाऱ्यांत निजामाविरुद्धच्या लढ्याची स्मृती प्रामाणिकपणे जपणारेही होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'मराठवाडा' या पदात दलित वस्ती समाविष्ट आहे की नाही, हा प्रश्न त्या प्रामाणिक माणसांनीही विचारला नाही. त्याच वर्षी, 17 सप्टेंबर 1994 रोजी, नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि त्याचे नावही 'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ' असे त्याच घडणीचे ठेवले गेले. 1978 साली ज्या रचनेचा विचारही दुर्घट होता, ती 1994 मध्ये सहज साचा बनली. नांदेड आणि लातूरची महाविद्यालये या दुसऱ्या विद्यापीठाकडे आली, आणि बोलण्यात दोन्ही नावे 'बामू' व 'स्वारातीम' इतकी आखूड झाली. जिभेला काटकसर आवडते. म्हणून नावाचा मान लेखी रूपातच पुरता उमटतो, आणि प्रमाणपत्रावर काय छापले जाते याला महत्त्व येते.

'जळाली' आणि 'जाळली'

पाली शिकवताना आम्ही फळ्यावर काही धातूंच्या जोड्या लिहितो : जलति–जालेति, मरति–मारेति, पतति–पातेति. त्यांच्यासमोर मराठी जोड्या लिहिल्या की विद्यार्थ्यांचे डोळे उजळतात : जळणे–जाळणे, मरणे–मारणे, पडणे–पाडणे. मूळ स्वर दीर्घ झाला की कर्ता प्रवेश करतो. दोन हजार वर्षांचा हा वारसा आपल्या तोंडी आहे आणि आपल्याला त्याची जाणीव नसते.

आता चार वाक्ये पाहू. 'जमावाने दलितांची घरे जाळली.' 'दलितांची घरे जाळली गेली.' 'दलितांची घरे जळाली.' 'जाळपोळ झाली.' पहिल्या वाक्यात कर्ता तृतीयेत उभा आहे. दुसऱ्यात तो दिसत नाही. पण 'जाळणे' या धातूमुळे कोणीतरी होता एवढे कळते. तिसऱ्यात तोही संशय पुसला जातो. घरे आपोआप जळाल्यासारखी वाटतात. चौथ्यात क्रियापदाचेच नाम झाले आहे. आता कर्ता नाही आणि ज्यांची घरे गेली तेही नाहीत, उरली ती केवळ एक घटना. क्रियेचे नाम करण्याची ही प्रवृत्ती हॅलिडे यांनी शासकीय आणि शास्त्रीय गद्याच्या संदर्भात विशेष अभ्यासली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने चारही वाक्ये शुद्ध आहेत. इतिहासाच्या दृष्टीने ती चार वेगवेगळी प्रतिपादने आहेत.

येथे लातूरचे उदाहरण उपयोगी पडते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. 'घरे पडली' हे वाक्य तेथे यथार्थ आहे. ती कोणी पाडली नव्हती. जड दगडांच्या भिंती आणि मातीची धाबी यांनी माणसे अधिक दगावली, हे नंतरचे ज्ञान त्या वाक्यात मावत नाही, एवढाच त्याचा दोष. 1978 ची घरे मात्र पडली नव्हती, जळालीही नव्हती. ती जाळली गेली होती. एकाच प्रदेशातील या दोन आपत्तींना एकाच साच्याचे क्रियापद वापरले, तर मनुष्यकृत्य निसर्गाच्या खाती जमा होते. विनयपिटकाने हा भेद काटेकोरपणे पाळला आहे. तिसऱ्या पाराजिकात स्वतः मारणारा जसा दोषी, तसा मरणास प्रवृत्त करणाराही दोषी ठरतो. आणि ज्याच्याकडून नकळत, हेतूवाचून जीव गेला, त्याला ती आपत्ती लागत नाही. विनयधराला 'काय झाले' एवढे पुरत नाही. 'कोणी, कोणत्या चेतनेने केले' हे विचारावेच लागते.

गौतम वाघमारे यांच्या बाबतीत क्रियापदाचे तिसरेच रूप येते : 'जाळून घेतले'. येथे कर्ता आणि कर्म एकच आहेत. बुद्धशासन आत्मघाताची प्रशंसा करीत नाही, आणि आम्हीही करीत नाही. परंतु ज्या समाजाची घरे 'जळाली' असे लिहिले गेले, त्या समाजातील एका माणसाला कर्तृपद मिळवण्यासाठी एवढाच मार्ग उरला असे वाटावे, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदली पाहिजे.

मात्र एक सावधगिरी हवी. कर्ता गाळणारे प्रत्येक वाक्य लबाडीचे नसते. ज्याला त्याच गावात, त्याच माणसांच्या शेतावर मजुरी करून जगायचे आहे, तो पीडितही 'घर जळालं' असेच म्हणेल. त्याचे 'जळालं' हे भयाचे व्याकरण आहे. कचेरीतल्या अहवालातले 'जळाली' हे सोयीचे व्याकरण आहे. रूप एक, अर्थ दोन. कोण, कोणाशी, कोठे बोलत आहे, हे पाहिल्यावाचून व्याकरणावरून निवाडा करणे म्हणजे पुन्हा पीडितालाच दोष देणे होय.

संबोधनाचे नाते

वाक्याचे दुसरे कार्य नाते ठरवण्याचे. 'किसन्या', 'किसन' आणि 'किसनराव' या तिन्ही रूपांनी माणूस एकच कळतो, परंतु बोलणाऱ्याने त्याला कोठे बसवले हे वेगवेगळे कळते. महार समाजाच्या तोंडी पूर्वी 'जोहार' होता. तो खालून वर जाई. वरून उत्तरादाखल जोहार येत नसे. 'जय भीम' या अभिवादनाचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (1904–1939) यांना दिले जाते. त्याचे व्याकरणच निराळे आहे : 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम' हेच. देणारा आणि घेणारा एका पातळीवर येतात. गावाच्या उतरंडीला धक्का बसला तो या समान उत्तराने.

संघातही संबोधनाचा विचार झाला आहे. आरंभी भिक्खू एकमेकांना 'आवुसो' म्हणत. महापरिनिब्बानसुत्तात भगवंतांनी पुढची व्यवस्था सांगितली : ज्येष्ठाने कनिष्ठास नावाने, गोत्राने किंवा 'आवुसो' असे संबोधावे, कनिष्ठाने ज्येष्ठास 'भन्ते' किंवा 'आयस्मा' म्हणावे. येथेही उच्चनीचता आहेच, असे कोणी म्हणेल. ती आहे, पण ती उपसंपदेच्या काळावर मोजलेली आहे, जन्मावर नाही. आजचा कनिष्ठ उद्याचा ज्येष्ठ होतो. जोहार घालणाऱ्याला असा उद्या नव्हता.

समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. नाम ही पञ्ञत्ति आहे, हे खरे. परंतु 'नावात काय आहे?' हा प्रश्न नाव मागणाऱ्यालाच विचारला गेला, नाव अडवणाऱ्याला नाही. नावात काहीच नसते तर ते द्यायलाही हरकत नव्हती. नामाला आत्मा नाही म्हणून त्याला परिणाम नाही, असे नागसेनांनी कोठेही म्हटलेले नाही. रथालाही आत्मा नाही, तरी त्यात बसून राजा येतोच.

नांदेड-लातूरकडच्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा जन्म 1994 नंतरचा आहे. त्यांना विद्यापीठाचे नाव पहिल्यापासून तसेच होते असे वाटते, आणि एका अर्थी हा त्या लढ्याचा विजयच आहे. परंतु त्यांतले काही उद्या या प्रदेशाचा इतिहास लिहितील. त्यांच्याकडे आमचे मागणे लहान आहे : 1978 विषयी लिहिताना धातूचा स्वर ऱ्हस्व लिहावा की दीर्घ, याचा प्रत्येक वेळी विचार करावा, आणि जेथे पुरावा आहे तेथे तृतीयेचा कर्ता गाळू नये.