चुकाऱ्यावर चालणारा बाजा

चांदूर बाजारात लग्नाचा बाजा ठरवायला माणूस यायचा, तो आधी कापसाचं बोलायचा. किती गाड्या घातल्या, कोणत्या ग्रेडला लागला, चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, कधी निघतो, एवढं झालं की मग पोराच्या लग्नाची गोष्ट. माझे वडील बँडमास्तर होते. कापसाची ती सगळी हकिकत ते शेवटपर्यंत ऐकून घेत, कारण आपले पैसे केव्हा हातात पडणार हे त्यांना त्यातूनच कळायचं. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि शेतकऱ्याला रक्कम हप्त्याहप्त्यानं मिळू लागली. मग आमचीही रक्कम हप्त्यानं येऊ लागली. लग्न फाल्गुनात वाजवायचं, इसार तेवढा हातात, बाकीचं "मास्तर, चुकारा आला का लगेच देतो." माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्याच खिशात पैसा नव्हता. पण वैशाखात मेरठहून नवा ट्रंपेट मागवायचा तर दुकानदार कापसाचा हप्ता येईपर्यंत थांबत नाही.

मी क्लारनेट वाजवतो. माझे आजोबा सनई वाजवायचे, त्यांच्या सोबतीला डफडं आणि सूर धरणारा एक माणूस. आम्ही मातंग. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातींवर १९१६ मध्ये जो मोठा ग्रंथ छापला, त्यात मांग म्हणजे गावचे वाजंत्री अशी नोंद आहे. वऱ्हाडातही तसंच होतं. लग्न, पोळा, देवाची पालखी, पाटलाच्या घरचं बारसं, काहीही असो, वाजवणं हे आमचं ठरलेलं काम आणि त्याचा मोबदला धान्यात. ज्वारी, शिधा, एखादं जुनं धोतर, कुणी दिलदार असला तर आजीला खण. पैशाचा भाव कधी ठरत नसे, म्हणून नकार द्यायचीही सोय नव्हती. मांडवाच्या आत सूर जायचा, माणूस बाहेर उभा राहायचा. आजोबांना मंगलाष्टकं पाठ होती, कारण आयुष्यभर त्यांनी ती मेढीच्या बाहेरून ऐकली होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या अनेकांनी गावकीची असली कामं सोडली. ते योग्यच केलं. त्यांचं बघून आमच्या घरातही बोलणं सुरू झालं की वाजवायचं तर भाव ठरवून वाजवू, नाहीतर नाही.

त्या बोलण्याला बँडनं वाट दिली. पितळी वाद्यं आपल्या देशात पलटणींबरोबर आली. आमच्या भागात तर पलटण फार लांब नव्हती. परतवाड्याला एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि छावणी तिथं कवायतीचा बँड. पुढे वाद्यं देशातच बनायला लागली. मेरठला नादिर अली आणि कंपनी १८८५ मध्ये सुरू झाली, आणि तिथला जली कोठीचा बाजार आजही अर्ध्या हिंदुस्थानाच्या बँडला ट्रंपेट, युफोनियम, ड्रम आणि लाल कोट पुरवतो. माझ्या वडिलांनी पहिला क्लारनेट घेतला तो एका म्हाताऱ्या मुसलमान मास्तराकडून, वापरलेला. शिकवणीही त्यांचीच. आमच्याकडे चांगले बँडमास्तर मुसलमानांत बरेच होते, आणि बँडमध्ये हाताखाली मातंग, बौद्ध, मुसलमान, एखादा बारी, सगळे एका ओळीत उभे राहायचे. वाजवताना कोण कोणाच्या शेजारी उभा राहील हे फक्त वाद्य ठरवायचं.

लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. आजोबांना ज्या गावात मांडवाबाहेर उभं केलं, त्याच गावात वडील परण्याच्या, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीच्या, पुढे चालले. जेवण मात्र बरीच वर्षं शेवटच्या पंगतीनंतरच मिळायचं, कित्येक ठिकाणी वेगळ्या पत्रावळीवर, जानोशाच्या मागच्या बाजूला. पैशात भाव ठरला तेव्हा मान अर्धा आला. उरलेला अर्धा अजून पूर्ण आलेला नाही, आणि हे मी कडवटपणानं लिहीत नाही, पाहिलं तसं लिहितो.

आता शिकण्याचं सांगतो, कारण लोकांना वाटतं बँडवाले नुसते फुंकतात. नोटेशन आमच्याकडे कुणाला येत नव्हतं. गाणं कानानं उचलायचं. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. वडील बुधवारी रात्री कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसायचे, दुसऱ्या दिवशी मुखडा क्लारनेटवर काढायचे, अंतरा पुढच्या बुधवारी. 'नागिन' १९५४ चा. त्यातली बीन खऱ्या पुंगीची नव्हती, कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलीन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर वऱ्हाडातल्या प्रत्येक क्लारनेटवाल्यानं ती बोटांनी आणि ओठांनी बसवून टाकली होती, आणि तिच्याशिवाय वरात पुढे सरकत नव्हती. 'सूरज'मधलं स्वागताचं गाणं, 'नीलकमल'मधलं पाठवणीचं, १९७७ च्या 'आदमी सडक का'मधलं दोस्ताच्या लग्नाचं. या शेवटच्या दोन्हींचं संगीत रवी यांचं, आणि बँडवाल्यांच्या घरात चूल पेटती ठेवणारा संगीतकार म्हणून मी त्यांचं नाव आदरानं घेतो. ट्रंपेटनं मुखडा घ्यायचा, क्लारनेटनं अंतऱ्यात गायकाची जागा घ्यायची, युफोनियमनं खालून आधार द्यायचा, ही वाटणी कुठल्या पुस्तकात नाही. ती प्रत्येक मास्तर आपल्या माणसांची ताकद बघून करत होता. यालाच मी संगीतरचना म्हणतो.

शरीरही यात खर्ची पडतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला जातो आणि परण्या निघतो तो भर दुपारी. पितळ इतकं तापतं की बोट ठेववत नाही. क्लारनेटची रीड वाळून चिरते, म्हणून ती ओल्या फडक्यात ठेवावी लागते. पावसाळी हवेत ढोलाचं कातडं उतरतं, मग शेकोटीवर शेकायचं. ट्रंपेटवाल्याचे पुढचे दात गेले की त्याचा धंदा गेला. त्याला मग झांज देतात आणि वाटा कमी होतो. वाट्याची पद्धत आमच्या बँडमध्ये अशी होती की मास्तराला दीड, सुराच्या वाद्यांना एक, ठोक्याच्या वाद्यांना पाऊण, गॅसबत्ती डोक्यावर धरणाऱ्या बायांना ठरलेली रोजी. नवरदेवावरून ओवाळून टाकलेल्या नोटा एका पिशवीत जमा, त्यात सगळ्यांचा सारखा हक्क. ही पिशवीच पुष्कळदा दुसऱ्या दिवशीचं किराणा सामान असायची, कारण मुख्य रक्कम चुकाऱ्याला बांधलेली.

वर्षाचं गणित पंचांगावर. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम उघडतो, पौषात बंद, माघापासून पुन्हा, आषाढी एकादशीला कुलूप. पुढचे चार महिने चातुर्मास. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला आणि तो चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. पुढच्याच वर्षी मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता आणि बऱ्याच घरांनी लग्नं पुढे ढकलली. मधल्या महिन्यांत पोळा, गणपती, देवीचं विसर्जन, संदल, ईद-ए-मिलादचा जुलूस. उन्हाळ्याच्या तोंडाशी चौदा एप्रिलची मिरवणूक, जिच्यात वाजवताना माझ्या वडिलांनी कधी भावाची घासाघीस केली नाही. उरलेल्या दिवसांत संत्र्याच्या बागेत तोडणी, पेट्या भरणं. शिरजगाव, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी, घाटलाडकी, या सगळ्या गावांत मी वाजवलंय आणि त्यातल्या कित्येक गावांत संत्रं तोडलंय. ज्या मालकाच्या मुलीच्या वरातीत कोट घालून गेलो, त्याच्याच बागेत पुढच्या हंगामात पेटी उचलली.

आमच्याच तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेचं वेगळं सांगायला हवं. सातपुड्याच्या पायथ्याला डिसेंबरच्या विसाला ही यात्रा भरते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. आता लोक हंडीतल्या मटणासाठी आणि रोडग्यांसाठी ती ओळखतात. जुन्या माणसांना तिच्यातल्या राहुट्या आणि तमाशाचे फड आठवतात. यात्रेचा मोठा भाग पौषात पडतो, म्हणजे लग्नं नसतात त्याच दिवसांत, त्यामुळे आमच्यासारख्यांना ती फार उपयोगाची. ढोलकीवाला कमी पडला, क्लारनेट हवा आहे, असा निरोप आला की रात्रीपुरतं काम मिळायचं. घाटाखालचे आणि घाटावरचे वाजवणारे तिथं भेटायचे, कोरकू पोरांची बासरी ऐकायला मिळायची, आणि नव्या जागा, नवे ठेके माणूस शिकून यायचा. फड गेले, तसा हा वर्गही बंद झाला.

एक गोष्ट आमच्या भागात इतरांपेक्षा अवघड होती. आम्ही ज्यांना मानतो त्यांनीच लग्नातल्या खर्चाविरुद्ध आयुष्य घालवलं. गाडगेबाबा शेंडगावचे, देह ठेवला वलगावजवळ. कीर्तनातून ते कर्ज काढून लग्न करू नका म्हणून कळवळून सांगत. तुकडोजी महाराज यावलीचे. १९३५ मध्ये मोझरीला त्यांनी गुरुकुंज उभारलं, आणि त्यांनीही साधं, सामुदायिक लग्न सांगितलं. त्यांचं म्हणणं खरंच होतं. बाजाच्या हौसेपायी वावर गहाण पडलेलं मी पाहिलंय. पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं सत्र सुरू झालं आणि सामूहिक विवाह वाढले. एका मैदानात अनेक जोडपी आणि सगळ्यांत मिळून एक बँड. आमचं काम घटलं, तरी त्या लग्नांना नाव ठेवायला माझी जीभ उचलत नाही. शिवाय तुकडोजी महाराजांनी आम्हाला खंजिरीही दिली. १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हा खंजिरी सोबत होती. आज गावोगावची भजनी मंडळं स्पर्धांना जातात, बक्षिसं आणतात, आणि आमच्या पोरांपैकी निम्मे आधी तिथेच तालाला बसलेले आहेत.

नुसत्या बाजावर पोट भरत नसेल तर नोकरी धरून संगीत करणं हा दुसरा मार्ग. डॉ. वसंतराव देशपांडे मूळचे आपल्याच वऱ्हाडातले, १९२० मध्ये मूर्तिजापूरला जन्मलेले. एवढा गळा असून त्यांनीही लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी केली. मी नव्या पोरांना हे मुद्दाम सांगतो. बँड सोडून दे असं सांगत नाही. आयटीआय कर, दुकान टाक, आणि वाजव.

एकोणीसशे नव्वदनंतर कॅसिओ आला, हातगाडीवर भोंगा आणि माइकवर गाणारा आला, मग नागपूरकडून धुमाल आलं. धुमालात कॅसिओ आणि पॅड पुढे, सुराची फुंकवाद्यं जवळपास नाहीत. तरी माणसं होती. डीजेच्या गाडीत माणूस एकच लागतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे, सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल जुलै २००५ चा, रात्री दहानंतर वाजवायचं नाही. हा नियम मला पूर्ण मान्य आहे. पण वरात दहाच्या आत संपवायची म्हणून जी घाई होते, तिच्यात चार तासांचं काम दीड तासात येतं आणि भावही त्याच मापानं कापला जातो.

मग २०२०. चोवीस मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, हंगाम ऐन भरात होता. इसार घेतलेले सगळे परत मागायला आले, आणि तो पैसा गणवेश व दुरुस्तीत गेलेला. नंतर लग्नाला पन्नास माणसं, आणि एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं व दोन तास. पंचवीसांत बँड कुठे बसणार? आमच्यातल्या एका युफोनियमवाल्यानं वाद्य किलोच्या भावानं विकलं. त्या ऑगस्टमध्ये राज्यानं कलावंतांना एकरकमी पाच हजार रुपये जाहीर केले. ते फार नव्हते, पण वाजवणाऱ्याला सरकारी कागदावर कलावंत म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना मात्र त्याआधीपासून, १९५४-५५ पासून आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, आणि २०२४ पासून महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. वयाची पन्नाशी आणि कलेतल्या कामाचे पुरावे लागतात. पुराव्यापाशीच आमची माणसं अडतात. कीर्तनकाराकडे पत्रिका असते, नाटकवाल्याकडे जाहिरात असते. बँडमधल्या झांजवाल्याकडे काय असणार? लग्नाच्या फोटोत तो नवरदेवाच्या घोड्यामागे अर्धा कापलेला असतो. सगळा व्यवहार तोंडी, इसारसुद्धा तोंडी.

म्हणून चांदूर बाजारच्या, परतवाड्याच्या, मोर्शीच्या, कुठल्याही गावच्या यजमानांना माझं सांगणं आहे. बाजा सांगाल तर कागदावर सांगा. तारीख, गाव, ठरलेली रक्कम, दिलेला इसार आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहा, खाली सही करा आणि एक प्रत मास्तराकडे द्या. बाकी रक्कम वरात सुटायच्या आत द्या. आणि जेवायला त्यांना पाहुण्यांच्याच पंगतीत बसवा.