परक्यांची वखार

'वखार' हा शब्द कानी पडला की आपल्यापुढे सुरत आणि राजापूर उभी राहतात. समुद्रापलीकडचा इंग्रज बंदरात जागा मागतो, जकातीत सवलत मिळवतो आणि गावचे व्यापारी त्याच्याकडे संशयाने पाहू लागतात. परंतु हा इंग्रज सुरतेस येण्यापूर्वी कित्येक शतके त्याच्याच देशात परक्यांच्या वखारी होत्या, आणि तेथील व्यापारीही असेच चडफडत होते. अशाच एका वखारीचा तिच्या गावातील लोक आज उत्सव करतात.

ते गाव म्हणजे नॉरफोक परगण्यातील, ऊझ नदीच्या मुखाजवळचे किंग्ज लिन. आठव्या हेन्रीने १५३७ साली नाव बदलीपर्यंत ते बिशपचे लिन होते. येथून धान्य, लोकर, कापड बाहेर जाई. बाल्टिक समुद्राकडून इमारती लाकूड, डांबर, मेण आणि लोकरीदार कातडी येत. हा बाल्टिकचा व्यापार हान्सा नामक संघाच्या हाती होता. उत्तर जर्मनीतील व्यापारी नगरांचा हा संघ. त्याला राजा नव्हता, खडे सैन्य नव्हते. १३५६ साली ल्यूबेक येथे त्याची पहिली सर्वसाधारण सभा भरली. लंडन, ब्रूज, बर्गेन आणि नोव्हगोरोद येथे त्याच्या चार मोठ्या वखारी होत्या.

आता भांडणाचे मूळ पाहा. इंग्लंडातून कापडाचा एक तागा बाहेर नेताना इंग्रज व्यापाऱ्यास १४ पेन्स जकात पडे, इतर परदेशीयांस ३३ पेन्स, आणि हान्साच्या माणसास अवघे १२! घरच्यापेक्षा पाहुणा स्वस्तात सुटे. उलट इंग्रज व्यापारी डान्झिगला, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्कला गेला की त्याला तसे हक्क कोणी देत नसे. मग मने कलुषित व्हावीत यात नवल ते काय?

१४६८ साली डेन्मार्कच्या राजाने इंग्रजांची जहाजे पकडली. इंग्रजांनी त्याचा ठपका हान्सावर ठेवून लंडनमधील जर्मन व्यापाऱ्यांस कैदेत टाकले. कोलोनचे तेवढे वगळले. त्यातून समुद्रावर युद्ध जुंपले. १४७३ साली डान्झिगच्या पाउल बेनेकेने इंग्लंडकडे निघालेले एक गलबत लुटले. त्यात हान्स मेमलिंगचे 'अंतिम न्याय' हे चित्र होते. ते फ्लॉरेन्सला जावयाचे होते; ते आजही ग्दान्स्कमध्येच आहे. अखेर १४७४ साली ऊट्रेख्ट येथे तह झाला. इंग्लंडने १०,००० पौंड भरपाई कबूल केली, आणि लंडन, बॉस्टन व लिन येथील जागा हान्साच्या मालकीच्या झाल्या. लिनची वखार उभी राहिली ती या तहानंतर, १४७५ च्या सुमारास. तेव्हा ही वास्तू स्नेहाने दिलेली भेट नव्हे. हरलेल्या भांडणाची ती पावती आहे.

तथापि सारा इतिहास तहनाम्यांत सापडत नाही. याच गावात नगराध्यक्षाची मुलगी मार्जरी केम्प राहत होती. तिचा मुलगा व्यापारानिमित्त डान्झिगला गेला आणि तेथील मुलीशी लग्न करून राहिला. पुढे नवराबायको लिनला आली, आणि थोड्याच दिवसांत मुलगा वारला. दीड वर्ष ती परदेशी सून सासूपाशी राहिली. १४३३ साली तिला बंदरापर्यंत पोचवावयास निघालेली साठीची मार्जरी ऐनवेळी तिच्यासोबत जहाजावर चढली. वादळाने जहाज नॉर्वेला नेले, तेथून ती दोघी डान्झिगला पोचल्या. सासूचे हे येणे सुनेला रुचले नव्हते, हेही मार्जरीने लपविले नाही. तिने सांगून लिहविलेले हे आत्मकथन १९३४ साली पुन्हा उजेडात आले. जकातीवरून दोन्ही गावांत धुसफूस चालू असताना त्यांच्या सोयरिकी होत होत्या, एवढे त्यावरून कळते.

१७५१ साली ल्यूबेक, ब्रेमेन आणि हॅम्बर्ग यांनी लिनची वखार विकली. इंग्लंडात हान्साची उभी राहिलेली वास्तू आज ही एवढीच. १९८० साली नेदरलंड्समधील झ्वोल येथे जुन्या हान्सा-नगरांनी पुन्हा एकत्र यावयाचे ठरविले, आणि २००५ साली लिन त्यांत सामील झाले. अलीकडे मे महिन्यात तेथे हान्साचा उत्सव भरतो. मध्ययुगीन वेष करून लोक हिंडतात, बाजार मांडतात आणि जुनी वखार पाहावयास गर्दी करतात.

उत्सवात माणूस साहजिकच गोड तेवढे आठवतो, आणि मैत्रीचे गोडवे गाताना ते १२ व १४ पेन्स मागे पडतात. मला वाटते, लिनच्या मुलांना त्या जकातीचा हिशेब आणि त्या सासूसुनेचा प्रवास, दोन्ही सांगितले पाहिजेत. परक्याच्या वखारीबद्दल आपल्या पूर्वजांना काय वाटत होते हे ठाऊक असूनही जे गाव त्या वखारीचे दार आज उघडते, त्याच्या उत्सवाला मोल आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या वखारींकडे पाहताना आपण कोणता हिशेब मांडतो, हा विचार आपणही करावयास हरकत नाही.