शेतकऱ्याचें नांव, राजाचें पद

चेक लोकांच्या भाषेंत राजाला ‘क्राल’ म्हणतात. पोलिश भाषेंत तोच शब्द ‘क्रुल’ होतो, रशियन भाषेंत ‘करोल’, लिथुएनियन भाषेंत ‘करालिउस’, हंगेरीच्या मग्यार भाषेंत ‘किराय’ आणि तुर्की भाषेंत पुन्हां ‘क्राल’. मध्य व पूर्व युरोपच्या एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत राजपदाचा वाचक झालेला हा शब्द मुळांत पदवी नव्हेच. तें एका माणसाचें विशेषनाम आहे, असें बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचें मत आहे. तो माणूस म्हणजे इतिहासांत शार्लमेन या नांवानें प्रसिद्ध असलेला फ्रँक लोकांचा राजा. ‘शार्लमेन’ म्हणजे ‘थोर शार्ल’. परंतु हें झालें फ्रेंच रूप. त्याच्या स्वतःच्या जर्मानिक भाषेंत त्याचें नांव होतें ‘कार्ल’. आणि नवल असें कीं, ‘कार्ल’ या शब्दाचा मूळचा अर्थ राजा नव्हता, सरदारहि नव्हता. कार्ल म्हणजे नुसता बाप्या माणूस. कोणाचा दास नव्हे आणि कोणाचा धनीहि नव्हे, अशा साध्या, स्वतंत्र माणसाला हा शब्द लावीत.

जुन्या जर्मानिक लोकांची नांवें ठेवण्याची रीत पाहिली म्हणजे या नांवाचें वेगळेपण ध्यानांत येतें. आपल्याकडील ‘देवदत्त’ किंवा ‘यशोधर’ यांप्रमाणें त्यांचींहि भारदस्त नांवें सामासिक असत. ‘विल्हेल्म’ या नांवांत इच्छा आणि शिरस्त्राण हीं दोन पदें आहेत. ‘फ्रीडरिख’ मध्यें शांतता आणि सत्ता. ‘रॉबर्ट’ मध्यें कीर्ति आणि तेज. बारशाच्या वेळीं मुलाच्या पदरांत कांहीं तरी मोठें मागणें टाकावें, असा या नांवांचा भाव. या मेळ्यांत ‘कार्ल’ हें नांव अगदीं एकटें आणि अनलंकृत दिसतें. त्यांत युद्ध नाहीं, कीर्ति नाहीं, देवाचा प्रसाद नाहीं. आहे तो फक्त माणूस.

हा माणूस समाजांत कोठें उभा होता, तें ‘रीग्सथुला’ नांवाच्या जुन्या नॉर्स काव्यावरून कळतें. रीग नांवाचा देव पृथ्वीवर हिंडत असतां तीन घरीं पाहुणा राहतो व त्या तीन घरीं तीन मुलगे जन्मास येतात. पहिला थ्राल, म्हणजे दास. तो ओझीं वाहतो. दुसरा कार्ल, तो बैलांना वळण लावतो, नांगर घडवितो, घरें बांधतो आणि शेत कसतो. तिसरा यार्ल, म्हणजे सरदार. तो भाला फेकतो व घोड्यावर बसतो. या काव्यांत राजा निघतो तो यार्लच्या वंशांत. कार्लच्या वंशांत नव्हे. इतिहासानें मात्र हा हिशेब पार उलटा करून टाकला.

तो उलटण्यास सुरवात झाली फ्रँक लोकांच्या राज्यांत. इ. स. च्या आठव्या शतकाच्या आरंभीं तेथें राजा नांवाचा आणि सत्ता कारभाऱ्याची, अशी स्थिति होती. त्या कारभाऱ्यांच्या घराण्यांत कार्ल मार्टेल हा पराक्रमी पुरुष झाला. ‘मार्टेल’ म्हणजे हातोडा. त्यानें ७३२ सालीं तूर्सच्या लढाईंत अरबांच्या फौजेला मागें सारलें. पण ७४१ सालीं मरेपर्यंत त्यानें राजा ही पदवी घेतली नाहीं. ती घेतली त्याचा मुलगा पेपिन यानें, ७५१ सालीं. पेपिनच्या मुलाला आजोबांचें नांव ठेवलेलें होतें, आणि तोच पुढें शार्लमेन झाला. ७६८ सालीं तो गादीवर आला आणि ८१४ सालीं आखेन येथें वारला. या शेहेचाळीस वर्षांत सॅक्सन लोकांशीं त्याचें युद्ध ७७२ पासून ८०४ पर्यंत अधूनमधून चालूच होतें. ८०० सालच्या नाताळांत पोप तिसरा लिओ यानें रोम येथें त्याच्या मस्तकीं सम्राटपदाचा मुकुट ठेवला. आणि ८०५ व ८०६ सालीं त्याच्या फौजा बोहेमियांत, म्हणजे आजच्या चेक भूमींत, उतरल्या.

पूर्व सरहद्दीवरच्या स्लाव्ह लोकांना राज्यसत्ता म्हणून जी काय दिसली ती ही. त्यांच्या टोळ्यांना नायक होते. परंतु कर मागणारा, तह लादणारा आणि वर्षानुवर्षें फौजा धाडणारा असा एकछत्री धनी त्यांनीं ज्याच्या रूपानें पाहिला, त्याचें नांव कार्ल होतें. नांव धारण करणारा गेला, धाक राहिला, आणि त्या धाकालाच त्यांनीं तें नांव दिलें. रोमन लोकांच्या ‘सीझर’ या नांवाचेंहि असेंच झालें होतें. जर्मनांचा ‘कैसर’ आणि रशियनांचा ‘झार’ हे दोन्ही शब्द त्यापासूनच निघाले. रशियांत तर या दोन नांवांची वांटणीच झाली. आपला तो ‘झार’ आणि परदेशचा तो ‘करोल’, असा तेथें संकेत पडला. बुद्धिबळाच्या पटावरील राजालाहि रशियन माणूस आजतागायत ‘करोल’च म्हणतो. परंतु सीझर हें नांव मुळांतच रोममधील एका प्रतिष्ठित कुळाचें होतें. कार्लला तसें कुळ नव्हतें. तो नांगरामागून थेट सिंहासनावर चढला.

याच शब्दाचा सख्खा भाऊ इंग्लंडांत होता, त्याच्या वांट्याला मात्र निराळें दैव आलें. अँग्लो-सॅक्सन लोक स्वतंत्र शेतकऱ्याला ‘चेओर्ल’ म्हणत. त्याच्याजवळ जमीन असे, त्याला शस्त्र धरण्याचा अधिकार असे, आणि त्याचा वध झाल्यास मारेकऱ्याला त्याच्या आप्तांना दंड भरून द्यावा लागे. वेसेक्सच्या कायद्यांत चेओर्लच्या जिवाचें मोल २०० शिलिंग ठरविलेलें होतें, तर सरदाराचें १२०० शिलिंग. एका सरदाराच्या जिवाला सहा शेतकरी, असा तो भाव होता. तो न्याय्य नव्हता हें उघडच आहे. तथापि, कायद्याच्या दृष्टीनें शेतकऱ्याच्या जिवाला कांहीं मोल होतें, हीहि गोष्ट लहान नव्हे. इंग्लंडांतील चार्लटन आणि चोर्लटन या गांवांचीं नांवें याच चेओर्लांच्या वस्तीवरून पडलीं. कोणा चार्ल्स राजाशीं त्यांचा संबंध नाहीं.

१०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. जमिनीचे धनी बदलले आणि स्वतंत्र शेतकऱ्यांपैकीं पुष्कळजण हळूहळू जमीनदाराच्या जमिनीला जखडले गेले. माणसें खालीं गेलीं, तसा त्यांचा वाचक शब्दहि खालीं गेला. चेओर्लचा ‘चर्ल’ झाला, आणि चर्ल म्हणजे उद्धट, असंस्कृत माणूस असा अर्थ रूढ झाला. शेतावर राबणाऱ्या कुळाचा वाचक असलेला ‘व्हिलन’ हा शब्द पुढें खलपुरुषास लागला, तोहि याच वाटेनें. मराठींतील ‘गावंढळ’ या शब्दांतहि बिचाऱ्या गांवाचा अपराध एवढाच कीं, शब्द वापरणारा गांवाबाहेरचा होता. जर्मन भाषेंत या शब्दकुळांतील ‘केर्ल’ मधल्या पायरीवर थांबला. तेथें त्याचा अर्थ ‘गडी’ असा आहे, आणि तो कौतुकानेंहि वापरतां येतो व तुच्छतेनेंहि.

इकडे नांव म्हणून कार्लची चढती कमान चालूच राहिली. लॅटिनमध्यें तें ‘कारोलुस’ झालें, इटलींत ‘कार्लो’, स्पेनांत ‘कार्लोस’. मुलींसाठीं कॅरोलाइन आणि शार्लट अशीं रूपें निघालीं. बोहेमियाचा एक राजपुत्र १३१६ सालीं जन्मला, त्याचें नांव व्हात्स्लाव्ह ठेवलें होतें. सात वर्षांचा असतां त्याला फ्रान्सच्या दरबारीं धाडण्यांत आलें व तेथें त्यानें फ्रेंच राजाच्या नांवावरून शार्ल हें नांव घेतलें. हाच पुढें पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट चौथा कार्ल झाला. प्राग येथील विद्यापीठ त्यानें १३४८ सालीं स्थापिलें आणि तेथील प्रसिद्ध दगडी पुलाचें काम १३५७ सालीं सुरू करविलें. चेक लोक त्याला ‘कारेल’ म्हणतात. तेव्हां ‘क्राल कारेल’, म्हणजे ‘राजा कारेल’, असें चेक माणूस म्हणतो, त्या वेळीं तो नकळत एकच नांव दोनदां उच्चारीत असतो.

या नांवाची मोहिनी एवढी कीं, स्वीडनमध्यें त्याच्यासाठीं इतिहासहि बनविण्यांत आला. योहानेस माग्नुस याच्या, १५५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत प्राचीन राजांची एक लांबलचक मालिका दिली होती, आणि तींत सहा कार्ल निव्वळ काल्पनिक होते. सतराव्या शतकाच्या आरंभीं गादीवर आलेल्या राजानें त्या मालिकेस धरून स्वतःला नववा कार्ल म्हणविलें. तोच क्रम पुढें चालला. १९७३ सालीं राज्यावर आलेला कार्ल गुस्ताव्ह सोळावा म्हणून ओळखला जातो, यांतहि ते सहा काल्पनिक कार्ल मोजलेले आहेत. याच गादीवर १८१८ सालीं बर्नादोत हा फ्रेंच सेनापति बसला. तो एका वकिलाचा मुलगा. त्याचें मूळ नांव झाँ बाप्तिस्त. स्वीडिश राजघराण्यानें दत्तक घेतल्यावर त्याला कार्ल योहान हें नांव देण्यांत आलें. साध्या घरच्या माणसानें राजा होण्यासाठीं ज्याचा मूळ अर्थच ‘साधा माणूस’ असें नांव घ्यावें, हा योगायोग मोठा गंमतीचा होय.

इंग्लंडच्या राजघराण्यांत हें नांव फ्रान्समार्गें स्कॉटलंडांतून आलें. मेरी राणीच्या मुलाला १५६६ सालीं बाप्तिस्म्याच्या वेळीं चार्ल्स जेम्स असें नांव मिळालें. जेम्स म्हणून राज्य करणाऱ्या या राजानें आपल्या मुलाचें नांव चार्ल्स ठेवलें. हाच पहिला चार्ल्स. राजाचा अधिकार ईश्वरदत्त आहे, तो प्रजेला जाब देणें लागत नाहीं, असा त्याचा आग्रह होता. ३० जानेवारी १६४९ या दिवशीं लंडन येथें भर लोकांसमोर त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स १६६० सालीं गादीवर परत आला. अमेरिकेंतील कॅरोलायना या वसाहतीची सनद त्याच्या हातची, १६६३ सालची. त्या प्रांताच्या नांवांत कारोलुस अजून नांदतो आहे. आणि मुंबईच्या इतिहासाशीं या नांवाचा धागा जुळतो तोहि याच राजामुळें. १६६१ सालच्या विवाहाच्या तहानें पोर्तुगालची राजकन्या कॅथेराइन हिच्याबरोबर मुंबई बेट त्याला आंदण मिळालें, आणि १६६८ सालीं वर्षाला १० पौंड खंडानें त्यानें तें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. त्या बेटावर राबणाऱ्या कुणब्याकोळ्यांना या देवघेवींत कोणी विचारलें नव्हतें. स्वतंत्र शेतकऱ्याचें नांव धारण करणारा राजा शेतकऱ्यांसकट भूमि देऊन टाकीत होता.

शब्दाला स्वतःचें कुळशील नसतें, हाच या नांवाच्या इतिहासाचा बोध आहे. एकाच बीजापासून एका देशांत राजाचें पद उगवलें आणि दुसऱ्या देशांत शिवी. अर्थ शब्दानें बदलला नाहीं. तो माणसांच्या सत्तेनें आणि माणसांच्या पडतीनें बदलला. ज्याच्या हातीं तरवार आली त्यानें तो वर नेला. ज्याच्या हातचें शेत गेलें त्याच्याबरोबर तो खालीं आला. आज प्राग येथें एखाद्या मुलाचें नांव कारेल ठेवतात, स्पेनांत कार्लोस ठेवतात, इंग्लंडांत एखाद्या मुलीला शार्लट म्हणून हांक मारतात, तेव्हां त्या आईबापांच्या मनांत बहुधा सम्राटहि नसतो आणि नांगरहि नसतो. बारा शतकें राजवाड्यांत काढून हें नांव ज्या साध्या घरांतून निघालें, तशाच घरांत तें आतां सुखानें नांदत आहे.