गोदावरीचे पाणी कोणाचे?
१/ १ जून २०१७ च्या शेतकरी संपामुळे पुणतांबा देशभर ओळखले गेले. परंतु गोदाकाठच्या या गावापुढे त्याहून जुना प्रश्न आहे: नदीच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा?

२/ विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिशांनी दारणा धरण व नांदूर मधमेश्वरचे कालवे बांधले. कोपरगाव-राहाता परिसर उसाचा झाला. पुढे १९६५ ते १९७६ दरम्यान पैठणला मराठवाड्यासाठी जायकवाडी उभे राहिले.

३/ २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडायचे असते.

४/ कालव्यावर पिढ्या जगलेल्यांना हा अन्याय वाटतो, तर खालच्यांना हाच न्याय. तहान मात्र दोन्हीकडे खरी आहे.